औषध मारूनही झुरळं परत येतात? आधी फवारा खाली ठेवा

तक्रार नेहमीचीच. दिवाळीच्या आधी सगळं घर धुऊन काढलं, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, दोन दिवस त्या वासाने डोकं धरलं, पंधरा दिवस बरे गेले. मग रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावला, तर ओट्यावरून तीन-चार बारकी झुरळं सुर्रकन मिक्सरच्या मागे. पुन्हा फोन, पुन्हा फवारा, पुन्हा पंधरा दिवस. सुदामानगर असो की राजेंद्रनगर, रामबागेतलं जुनं घर असो की बायपासकडची नवी मल्टी म्हणजे बहुमजली इमारत, इंदुरातल्या आपल्या लोकांकडून ही रड सारखी ऐकू येते. एक काकू तर हळूच म्हणाल्या, "अगं, २०१७ पासून आपल्या शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर, आणि माझ्या ओट्याखाली ही पलटण. सांगायचीसुद्धा चोरी."

काकूंचा ओटा आरशासारखा असतो, हे मी स्वतः बघितलंय. म्हणून सांगते, यात लाजण्यासारखं काही नाही. झुरळाला पाणी, ऊब आणि अंग दाबून बसायला फट एवढं मिळालं की झालं; खाण्याचं ते कसंही भागवतं. हे तिन्ही चकचकीत स्वयंपाकघरातही असतं, फक्त आपल्याला दिसत नाही. त्यामुळे औषधाचं नाव विचारायच्या आधी दोन गोष्टी करायच्या: झुरळ कोणतं ते ओळखायचं, आणि दिवसा ते कुठे बसतं ते शोधायचं.

मोठं की बारकं?

मोठं, लालसर बदामी, दीड इंचाचं, पावसाळ्यात भुर्रकन उडून अंगावर येणारं जे असतं ते अमेरिकन झुरळ. ते राहतं गटाराच्या चेंबरमध्ये, आपल्याकडे नुसतं फिरायला येतं. त्याच्यासाठी ट्रॉल्या रिकाम्या करत बसू नका, वाट बंद करा. सिंकखालचं दार उघडून बॅटरी मारा. सिंकची ती पांढरी लवचिक नळी जमिनीतल्या पाइपात बहुतेक घरांत नुसती खुपसलेली असते. नळी बारीक, पाइप रुंद, आणि भोवतीची गोल फट सताड उघडी. तिथे प्लंबरकडून रबरी रिंग बसवून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. तोवर प्लास्टिकची पिशवी घट्ट कोंबून ठेवली तरी चालेल, फडकं कोंबू नका, ते ओलं राहतं आणि कुजतं. पाहुण्यांचं बाथरूम वापरात नसेल तर तिथल्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी मे महिन्यात सुकून जातं आणि चेंबरचा रस्ता थेट मोकळा होतो. आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत जा. मोठ्या झुरळांचा बंदोबस्त जवळजवळ एवढाच.

मोरीत ॲसिड ओतायची सवय असेल तर एक सांगून ठेवते: त्याच दिवशी तिथे ब्लीचिंग पावडर टाकू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो झुरळाच्या आधी आपल्याला गाठतो.

बारकं, फिकट तपकिरी, अर्ध्या इंचाचं आणि मानेमागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं ते जर्मन झुरळ. पंख असून ते उडत नाही. गटाराशी त्याचा संबंध नाही. ते आपल्याच घरात जन्मतं, वाढतं आणि पिल्लं घालतं. "परत येतात" ही तक्रार दहातल्या नऊ वेळा यांचीच असते. खरं तर ती परत येत नाहीत, कारण ती कुठे गेलेलीच नसतात.

फवारा का फसतो

मादी अंडी सुटी घालत नाही. तीस-चाळीस अंड्यांची एक पिशवी, पाव इंचाहून जराशी मोठी, शेपटाकडे धरून ती हिंडते आणि पिल्लं निघायच्या बेताला आली की फटीत सोडते. त्या कवचातून फवारा आत जात नाही. आई मरते, पिशवीतली पिल्लं मात्र निघतात. अंड्यातून पिल्लू निघायला साधारण महिना लागतो आणि आपल्याकडच्या उबेत पुढच्या दोनेक महिन्यांत तेही अंड्यांवर येतं. फवाऱ्याच्या दिवशी काही पिशव्या नुकत्या तयार झालेल्या असतात, काही फुटायला आलेल्या. आता तुमचे ते "पंधरा दिवस बरे गेले" आठवा. हिशोब जुळतो.

दुसरं कारण म्हणजे औषध अंगवळणी पडणं. बाजारातले बहुतेक फवारे आणि झुरळांचे खडू एकाच घराण्यातले असतात, पायरेथ्रॉइड. डब्यावर सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशी नावं दिसतील. वर्षानुवर्षं तेच तेच मारल्यावर जी झुरळं त्याला दाद देत नाहीत तीच उरतात, आणि वंश त्यांचाच वाढतो.

तिसरं म्हणजे पांगापांग. फवाऱ्याचा वास आला की जी मरत नाहीत ती पसरतात. आधी सिंकखाली असलेली झुरळं दोन दिवसांनी हॉलमधल्या टीव्हीमागे, स्विचबोर्डात, नाहीतर डक्टमधून शेजारच्या फ्लॅटमध्ये. वरून डब्यातला फवारा ज्वालाग्राही असतो, आणि तो आपण गॅसच्या शेगडीशेजारी मारतो. कितीदा मंद आचेवर चहा चढलेला असतो तेव्हासुद्धा!

दिवसा कुठे बसतात ते शोधा

हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळी मदार यावर आहे. इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट.

किराणा-हार्डवेअरच्या दुकानात गोंदाचे चिकट सापळे मिळतात, पुठ्ठ्याचे. सहा-सात आणा. एक फ्रीजमागे, एक सिंकखाली, एक शेगडीखालच्या ट्रॉलीत, एक मिक्सरच्या मागे, एक आरओच्या खाली, एक वरच्या कपाटात, आणि सगळे भिंतीला चिकटून, कारण झुरळ मोकळ्यातून चालत नाही, कडेकडेने चालतं. प्रत्येकावर पेनने जागा लिहा. दोन रात्रींनी बघा. मोठी किती आली यापेक्षा पिल्लं कुठे जास्त आली ते महत्त्वाचं. पिल्लं लांब जात नाहीत. ज्या सापळ्यात पिल्लं, त्याच्या हातभर अंतरात घर.

मग तिथे बॅटरी आणि जुना टूथब्रश घेऊन बसा. खूण म्हणजे मिऱ्याची भरड सांडल्यासारखे काळे ठिपके. ती विष्ठा. तिचा वास बाकीच्या झुरळांना "इथे या" असं सांगतो, त्यामुळे एक घर रिकामं झालं तरी डाग राहिले तर नवे भाडेकरू तिथेच येतात.

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा जागा निघते ती ट्रॉलीच्या चॅनलमध्ये. ट्रॉली पूर्ण ओढा, दोन्ही बाजूंच्या खटक्या दाबून बाहेर काढा आणि कपाटाच्या भिंतीला स्क्रू केलेली ती लोखंडी पट्टी नीट बघा. वंगण आणि फोडणीचं तेल मिळून झालेला काळा लगदा, त्यात शेवेचा चुरा. इंदुरी घर म्हटलं की शेव आलीच. पोह्यांवर शेव, उसळीवर शेव, रात्री भूक लागली तर नुसतीच शेव. डबा ट्रॉलीतच उघडतो, मूठ भरतो, आणि चुरा जाळीतून खाली. बेसन आणि तेल, आयतं. चॅनलच्या मागच्या टोकाला, जिथे पट्टी लाकडापासून जराशी सुटलेली असते, तिथे आगपेटीची काडी शिरेल एवढी फट असते. पिल्लांना तेवढी पुष्कळ झाली. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून ब्रशने घासायचं, पुसायचं, पुरतं वाळू द्यायचं आणि मगच ट्रॉली परत बसवायची.

दुसरी जागा कुणी बघत नाही: फ्रीजची पाठ. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजमध्ये ते पाणी नळीतून मागे येऊन कंप्रेसरच्या डोक्यावरच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये साठतं आणि मोटरच्या उष्णतेने वाळतं. म्हणजे ऊब, अंधार आणि सतत पाणी, तिन्ही एका जागी. डिसेंबर-जानेवारीत बाहेर कडाक्याची थंडी असताना यांचा मुक्काम तिथेच असतो. प्लग काढून फ्रीज पुढे ओढा, ट्रे निघत असेल तर धुवा, निघत नसेल तर स्पंजने पाणी टिपून घ्या.

बाकी जागा पटापट सांगते. दाराच्या बिजागऱ्यांची वाटी. मिक्सरचा आणि मायक्रोवेव्हचा तळ. आरओची पाठ. ग्रॅनाइटच्या ओट्याला पुढे जाडी दिसावी म्हणून लावलेली पट्टी, तिच्या आतल्या बाजूची खाच. गॅसच्या टाकीखालची गोल चकती. आणि भिंतीवरचं घड्याळ. हो, घड्याळ. उतरवून बघा.

रात्रीचं पाणी तोडा

जर्मन झुरळाची मादी अन्न नसलं तरी पाण्यावर महिनाभर तग धरते. अन्नपाणी दोन्ही तोडलं तर दोन आठवड्यांच्या आसपास संपते. मग आपली ताकद कुठे लावायची? खरकटं रात्री आवरतोच आपण. पाण्याकडे लक्ष जात नाही.

त्यात आपली इंदुरी अडचण अशी की नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर चढून येतं आणि बहुतेक वस्त्यांत नळ एक दिवसाआड. त्यामुळे स्वयंपाकघरात माठ, कळशी, बादली, झाकणाचा ड्रम ही साठवण आलीच. ती सोडा असं मी कसं म्हणू? पण माठाखालची थाळी रोज रात्री कोरडी करून भिंतीला टेकवून ठेवा. ड्रमच्या झाकणावर थेंब साठतात ते पुसा. बादली ओट्याखाली नको, मधोमध ठेवा, भिंतीपासून लांब.

सिंकमध्ये रात्री भिजत घातलेला कुकर हा तर पाणवठाच. सकाळी बाई येऊन घासते म्हणून भांडी तशीच राहतात, हे सगळ्यांकडे आहे. घासणं जमत नसेल तर खरकटं काढून, विसळून, पालथी घाला. पाणी भरून ठेवू नका. घासणी आणि फडकं पिळून खिडकीत. झोपायच्या आधी सिंक कोरड्या फडक्याने पुसायची सवय लावा. नळ थेंबथेंब गळत असेल तर आधी वॉशर बदला, बाकीचं नंतर.

कचऱ्याचंही तसंच. निगमची गाडी सकाळी येते, ओला-सुका वेगळा करायची सवय इंदुरात आता लहान पोरांनाही आहे, आणि ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जाऊन त्याचा गॅस होतो. पण रात्रभर तो आपल्या सिंकखालीच असतो ना? घट्ट झाकणाचा डबा घ्या किंवा रात्री डबा बाल्कनीत ठेवा. गाडी गेल्यावर डबा धुऊन उन्हात पालथा टाका, ओला परत आत नको.

आता जेल

जागा सापडल्या, पाणी तोडलं, की मग औषध. इंजेक्शनसारख्या सिरिंजमध्ये येणारं झुरळांचं जेल मिळतं; त्यात इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल किंवा इंडोक्साकार्ब असतं. झुरळ ते खाऊन आपल्या फटीत जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि मढं बाकीची, विशेषतः बाहेर न पडणारी पिल्लं खातात आणि तीही मरतात. फवारा जिथे पोचत नाही तिथे हे असं पोचतं.

लावायची रीत महत्त्वाची. एका जागी मोठा गोळा थापू नका. साबुदाण्याएवढे ठिपके, पण पुष्कळ. एका स्वयंपाकघरात पंचवीस-तीस सहज लागतात. जिथे काळे डाग दिसले तिथे फटीच्या तोंडाशी, बिजागरीच्या आत, चॅनलच्या मागच्या टोकाला, फ्रीजच्या खालच्या पट्टीवर. शेगडीजवळच्या तापणाऱ्या जागी लावलं तर वाळून जातं, ओल्या जागी वाहून जातं. अन्न ठेवतो त्या पृष्ठभागावर अजिबात नाही. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर फक्त आतल्या फटींमध्येच.

आणि जेल लावल्यावर फवारा बंद. खडू बंद. फिनाइलने ठिपक्यांच्या शेजारी पुसणंही बंद. एक हात आमिष टाकतोय आणि दुसरा हाकलतोय, असं केल्यावर झुरळ जेलला तोंड लावत नाही. जेलने "काही झालं नाही" म्हणणाऱ्या घरांत मी विचारते तेव्हा बहुधा सासूबाईंनी प्रेमाने मध्येच खडू ओढलेला असतो.

पहिल्या आठवड्यात दिवसाढवळ्या झिंगलेली झुरळं दिसतील. घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे. खाल्लेले किंवा वाळलेले ठिपके बदला. तीन-चार आठवड्यांनी, दिसत नसली तरी, दुसरा हात द्या. तोवर उरलेल्या पिशव्यांतली पिल्लं बाहेर आलेली असतात. हा दुसरा हात टाळला की पुन्हा पहिल्या पानावर.

बोरिक पावडरच्या गोळ्या

आई-आजीचा उपाय: बोरिक पावडर, कणीक, साखर, थोडं दूध, गोळ्या करून कोपऱ्यात. उपाय खोटा नाही. बोरिक ॲसिड पोटात गेलं की झुरळ मरतं, सावकाश. गंमत म्हणजे कॅरमच्या बोर्डावर टाकतात त्या पावडरीत पुष्कळदा हेच असतं. अडचण दोन ठिकाणी येते. पावडर जास्त झाली की झुरळ गोळीला शिवत नाही. आणि गोळी वाळून दगड झाली की नुसती शोभेला उरते. त्यापेक्षा कोरडी पावडर फ्रीजखाली, कपाटाच्या मागे अगदी विरळ भुरभुरा, डोळ्याला जेमतेम दिसेल इतकी. ढीग दिसला की झुरळ वळसा घालतं. विरळ थरातून चालतं, पाय चाटतं आणि काम होतं. ओल लागली तर उपयोग संपला. लहान मुलांच्या हाताला लागेल तिथे गोळ्याही नकोत आणि पावडरही नको. पेढा समजून तोंडात घालायला वेळ लागत नाही.

कापूर, तमालपत्र, लवंग यांनी फार तर झुरळ इकडचं तिकडे जातं. प्लगला लावायची ती आवाजाची यंत्रं तर पैसे वाया. आणि गव्हाच्या कोठीत टाकतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कुणी "झुरळांनाही चालतात" म्हणून दिल्या, तर त्यांना घराचा उंबरा ओलांडू देऊ नका. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, बंद घरात माणसं जातात त्याने, आणि त्याला उतारा नाही.

तरीही दिसली तर

दोन महिन्यांनी पुन्हा तेच चिकट सापळे त्याच जागी लावून बघा.

सापळ्यात फक्त एखाद-दुसरं पूर्ण वाढलेलं, पिल्लू एकही नाही: बाहेरून आलंय. सियागंजहून किंवा मारोठिया बाजारातून महिन्याचं सामान आणतो तेव्हा पुठ्ठ्याची खोकी, कांद्याचं पोतं, तेलाच्या डब्यांचा बॉक्स यांतून झुरळं घरी येतात. खोकं दारातच रिकामं करून सुक्या कचऱ्यात द्या, "कामाला येईल" म्हणून माळ्यावर चढवू नका. जुना मिक्सर, सेकंडहँड फ्रीज घेतला असेल तर आधी तो तपासा.

पिल्लं एकाच सापळ्यात: एक फट राहिली आहे. तिथेच परत शोधा, सगळीकडे जेल लावत सुटू नका. फट सापडून साफ झाली की सिलिकॉन किंवा पांढऱ्या सिमेंटने बुजवा. आधी बुजवू नका, ती दुसरीकडून वाट काढतात.

पिल्लं सगळ्या सापळ्यांत आणि जेलचे ठिपके जसेच्या तसे: आमिष पसंत नाही. जर्मन झुरळांच्या काही वंशांना ग्लुकोज नकोसं असतं. १९९० च्या दशकातच हे लक्षात आलं होतं, आणि २०१३ मध्ये कारणही सापडलं की त्यांना ग्लुकोज कडू लागतं. कंपनी बदला, पण नुसतं नाव बदलून उपयोग नाही. सिरिंजवरचं औषधाचं नाव वाचा आणि वेगळ्या औषधाचं घ्या. साखरेच्या गोळ्या त्यांनी का सोडल्या याचंही उत्तर बहुधा इथेच आहे.

पिल्लं फक्त डक्टकडच्या किंवा शेजारच्या भिंतीच्या बाजूला: मल्टीचा प्रश्न आहे, एकट्याने सुटत नाही. पाइप भिंतीतून जातात तिथल्या भोवतालच्या फटी सिमेंटने भरून घ्या. वर, खाली आणि शेजारी, निदान एका डक्टवरच्या सगळ्या घरांनी एकाच आठवड्यात जेल लावायचं ठरवा. एका घराने जेल लावलं आणि वरच्यांनी त्याच दिवशी फवारा मारला, तर वरची सगळी खाली उतरतात. सोसायटीच्या ग्रुपवर हा विषय काढताना "तुमच्याकडून येतात" असं लिहू नका, त्यावर आठवडाभर नुसतं भांडण चालतं. तारीख टाका, आणि जेल कोणतं ते टाका.